बॅटरी कुठे उतरते

आमच्या ओटीवर खिडकीखाली बॅटरीचा एक लहान चार्जर असतो. त्याच्या लाल-काळ्या चिमट्यांच्या वायरी खिळ्याला अडकवलेल्या असतात आणि समोर अंगणात, पत्र्याखाली, एक मोटरसायकल उभी असते. येणारा माणूस आधी गाडीकडे बघतो, मग चार्जरकडे, आणि विचारतो, "चालवतं कोण?" कोणी नाही म्हटलं की काहीजण गप्प बसतात आणि उरलेले शहाणपण शिकवतात. विकून टाका, गंजून जाईल, कुणा गरजवंताला द्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं हे पूर्णगडच्या बंदरावर जन्म काढलेल्या माणसाला पाहुण्यांनी सांगायचं! मी त्यांना चहा देतो आणि विषय मासळीवर नेतो.

गाडी आमच्या मुलाची. एकच मुलगा होता.

मी मासेमारीच्या होडीवर इंजिन ड्रायव्हर होतो. तांडेल वाट दाखवायचा, खलाशी जाळी ओढायचे आणि मी खाली इंजिनाशी भांडत बसायचो. माणसांशी माझं कधी फारसं जमलं नाही. माणसाला एक विचारावं तर तो भलतंच सांगतो. यंत्राचं तसं नाही. मीटर लावला की बॅटरी जे आहे ते सांगते, आणि मी मालकाला तेच सांगायचो, त्याला आवडो न आवडो. इंजिन रोज चालू करा, बॅटरी मरणार नाही, हे तर मी इतक्या वेळा सांगितलं असेल की खलाशी माझी नक्कल करायचे. तोंडाळ म्हणून माझं नाव झालं, पण खोटारडा म्हणून कोणी बोट दाखवलं नाही.

एवढं असून मला दुचाकी येत नाही. तरुणपणी एकदा मेहुण्याची चालवायला घेतली आणि सरळ कुंपणाच्या दगडी गडग्यावर घातली. लाटांवर तोल सांभाळणारा माणूस कोरड्या रस्त्यावर पडला म्हणून गाव कितीतरी दिवस हसत होतं. मुलगा तर मोठा झाल्यावरही हसायचा. "बाबा, तुमी समुद्रातच बरे," म्हणायचा.

तो रत्नागिरीला बर्फाच्या कारखान्यात कामाला होता. त्याच्या बरोबरीची बहुतेक मुलं मुंबईला गेली, हा गेला नाही. सकाळी गाडीने जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. यायचा म्हणजे अंगणात गाडी लावायचा, पण बंद करायचा नाही. वरच बसून राहायचा. आत चुलीपाशी असलेली आई ओरडायची, "बंद कर रे, धूर घरात येतो!" हा म्हणायचा, "मग तूच कर." मग ती पदराला हात पुसत बाहेर यायची, चावी फिरवायची आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घालायची. गाडी घेतली त्या दिवशी त्याने हौसेने तिच्या हातून चावी फिरवून घेतली होती, तेव्हापासून हे सुरू झालं आणि कधी मोडलं नाही. दोघांचं भांडण असलं तरी ती मुकाट्याने बाहेर यायची. त्या दिवशी धपाटा जरा जोरात बसायचा, एवढंच. मी ओटीवर बसून पेट्रोल फुकट जळतंय म्हणून कुरकुरत असायचो.

भाद्रपदात त्याला ताप आला. त्या दिवसांत घरोघर येतो तसलाच ताप. आईने काढा दिला, कपाळावर पट्ट्या ठेवल्या, पेज पाजली. दुसऱ्या दिवशी तो असंबद्ध बोलायला लागला तेव्हा रत्नागिरीला नेला आणि तिथून कोल्हापूरला. जाताना अॅम्ब्युलन्समध्ये त्याचा हात माझ्या हातात होता आणि तो गरम होता. येताना पालीच्या बाजारात गणपतीच्या कमानी अजून उभ्या होत्या. त्या रंगीत दिव्यांचा मला इतका संताप आला की पाली मागे पडेपर्यंत मी मान वर केली नाही.

पुढचे कित्येक महिने त्याची आई एकच विचारत होती. "माजा काय चुकला? पैल्याच दिवशी नेला असता तर?" येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायची. लोक सांगायचे, तुझं काही चुकलं नाही, त्याचं तेवढंच आयुष्य होतं. त्यांना तरी काय ठाऊक, पण सांगायचे. एकदा तिने मलाही विचारलं. मी म्हटलं, "मला कसा कळनार?" खरं तेच होतं. डॉक्टरकीतलं मला काही कळत नाही आणि जे कळत नाही ते मी बोलत नाही. त्यानंतर तिने मला पुन्हा विचारलं नाही. हळूहळू आमचं त्याच्याविषयी बोलणंच संपलं. मासळीचा भाव, विहिरीचं पाणी, नारळ पाडणारा आला नाही, एवढ्यावर आमचा दिवस निभायचा.

वर्षभर घरात सण नव्हता. त्यानंतरच्या दसऱ्याला मी गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. पूजा झाली की गाडी एकदा चालू करून हॉर्न वाजवायचा, अशी आमच्याकडे रीत. चावी फिरवली, सेल्फ मारला. कट. पुन्हा मारला. कट-कट-कट. दिवा मिणमिणला आणि हॉर्न बसलेल्या घशासारखा वाजला. ती दारात उभी होती, तशीच आत निघून गेली.

बॅटरी उतरली होती. इतके दिवस उभ्या असलेल्या गाडीची उतरणारच, त्यात नवल नव्हतं. मी ती काढून रत्नागिरीला नेली, चार्ज करून आणली आणि बसवली. दिवाळीनंतर बघतो तर पुन्हा उतरलेली. आता मात्र माझं डोकं फिरलं. पूर्ण भरलेली बॅटरी नुसत्या उभ्या गाडीत इतक्या लवकर उतरत नाही. दुकानदाराला शिव्या घातल्या आणि नवी बॅटरी आणली. पौष संपायच्या आत तीही उतरली.

मग मी रीतसर सुरुवात केली. सकाळी ती पाटी घेऊन मासळी विकायला गेली की मी गाडीची सीट काढायचो. बॅटरीच्या टर्मिनलवर गंजासारखं पांढरं-हिरवं फूल धरलं होतं, ते गरम पाण्यात सोडा घालून घासून काढलं आणि वर व्हॅसलीन लावलं. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील म्हणून पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत एकेक वायर बोटांनी चाचपली. चावी बंद ठेवली, काळी वायर सोडवली आणि मधे मीटर लावला. कुठे वीज गळत असेल तर काटा हलतो. काटा जागचा हलला नाही. किक मारून गाडी चालू केली, रेस दिली आणि बॅटरीवर मीटर धरला. चौदा व्होल्टच्या आसपास दाखवत होता, म्हणजे गाडी बॅटरी भरत होती. शेवटी बॅटरी चार्ज करून घरात फळीवर ठेवून दिली आणि आठवड्याने मोजली. जशीच्या तशी भरलेली. म्हणजे बॅटरीही चांगली, वायरिंगही चांगलं, गाडीही चांगली, आणि तरी बॅटरी उतरत होती!

मी चिडलो होतो. घास हातात धरून वायरिंगचा विचार करत बसायचो. पण खरं सांगायचं तर त्या चिडण्यात मला बरंही वाटत होतं. मुलगा गेल्यापासून पहिल्यांदाच असं काही हाती लागलं होतं, ज्याचं कारण शोधलं तर सापडणार होतं.

बॅटरी फळीवर होती त्या आठवड्यात घरात मात्र वेगळंच सुरू झालं. पावसाळ्यात मासेमारीला बंदी लागली की आम्ही होड्या वर ओढतो, नारळाच्या झापांनी शाकारतो आणि त्यांच्या बॅटऱ्या घरी आणून ठेवतो. उभ्या गाडीचंही तेच करावं, असं मी तिला म्हटलं. त्या दिवसापासून कालवणात एकदा मीठ नाही तर एकदा दुप्पट. शेवटी म्हणाली, "ती बॅटरी परत लावा."

"कशाला? कोन फिरवतंय गाडी?"

"लावा म्हटला ना!"

आणि ताट सरकवून उठली. मी लावली. बायकोच्या रागापुढे कुठला मीटर चालत नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं माझं झालं होतं. ते कळलं ते असं. दिवेलागणीच्या आधी मी रोज बंदरावर जातो. म्हातारपणी होडीवरून उतरलेले आम्ही सगळे जेटीवर बसतो आणि आता मासळी पूर्वीसारखी मिळत नाही, असं एकमेकांना सांगतो. अंधार पडला की घरी. त्या दिवशी गावात कोणी वारलं होतं, जेटीवर चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी तसाच मागे फिरलो. घराच्या गडग्यापाशी आलो आणि गाडीचा आवाज ऐकला. आमच्या गाडीचा.

माझे पाय तिथेच थांबले. मला वाटलं, आला. आज लवकर सुटला आणि आला. हे लिहायची मला लाज वाटत नाही. जो माणूस अख्खी हयात पुराव्याशिवाय बोलला नाही त्याला त्या गडग्यापाशी तसं वाटलं, आणि तसं वाटलं तेवढा वेळ मी सुखी होतो.

मग गडग्यावरून बघितलं. अंगणात गाडी चालू होती. तिच्या दिव्याचा उजेड शेवग्याच्या बुंध्यावर पडला होता आणि गाडीवर कोणी नव्हतं. आतून ती आली. पदराला हात पुसत आली. "बंद कर रे, धूर घरात येतो," म्हणाली, ओरडून नाही, हळू. चावी फिरवली. रिकाम्या सीटवर एक चापट मारली आणि हात तिथेच ठेवून उभी राहिली.

बॅटरी कुठे उतरत होती ते सापडलं. ती गाडी चालू करत होती ती चालवण्यासाठी नव्हे, बंद करण्यासाठी. सेल्फ मारून आत चुलीपाशी जायची आणि बाहेर येऊन बंद करायची. सेल्फ एका दमात जेवढी वीज खातो तेवढी परत भरायला गाडी निदान पावस गावापर्यंत तरी पळायला हवी. इथे ती जागेवर उभी, त्यात दिवा पेटलेला. त्या गाडीला दिवा बंद करायचं बटणच नाही. रोज थोडं खर्च आणि जमा काहीच नाही. कुठल्याही मीटरला ही गळती दिसली नसती, कारण ती होत असायची तेव्हा मी जेटीवर बसलेला असायचो.

मी आल्या पावली मागे फिरलो आणि एकटाच जेटीवर जाऊन बसलो. तिला सांगायचं तर काय सांगायचं? तू करतेस म्हणूनच बॅटरी मरते, असं? निदान बरोबर होतं. होडीचा मालक असता तर त्याच्या तोंडावर सांगितलं असतं आणि वर चार शब्द सुनावले असते. अंधार पडल्यावर घरी गेलो. तिने पान वाढलं. मी कालवण चांगलं झालंय म्हटलं, तिने काय झालं म्हणून चमकून बघितलं. मी असं कधी म्हणत नाही.

पुढच्या आठवड्यात रत्नागिरीहून हा लहान चार्जर आणला. होडीचा मोठा चार्जर या बॅटरीला झेपला नसता. तो माळ्यावर जाळ्यांच्या मागे लपवला. ती पाटी घेऊन गेली की काढायचा, चिमटे लावायचे, ती यायच्या आत पुन्हा माळ्यावर. संध्याकाळी ती उतरवायची, सकाळी मी भरायचो. एकमेकांना ताकास तूर लागू दिली नाही. बंदरावर जायची वेळ मी एकदाही चुकवली नाही. उलट जरा लवकरच निघायचो आणि जाताना मुद्दाम मोठ्याने खाकरायचो, म्हणजे तिला कळावं की मी निघालो.

पावसाळ्यात बंदी लागली तेव्हा अडचण झाली. ताजी मासळी नाही, म्हणजे ती रोज घरात. सुकट-बोंबील घेऊन आठवडा बाजाराला जायची तेवढाच माझा मोकळा दिवस. आठवड्यातून एकदा भरलेली बॅटरी जेमतेम पुढच्या बाजारापर्यंत टिकायची. आणि आषाढात नेमका बाजाराच्या आदल्या दिवशी मला ताप आला.

मला ताप आला म्हटल्यावर तिने काढा केला नाही. पट्ट्या ठेवल्या नाहीत. कपाळाला हात लावला आणि भर पावसात रिक्षा आणायला धावली. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, साधा ताप आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. तिने त्यांना तेच पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. घरी आल्यावर माझी खाट ओटीवर टाकली आणि ती खाटेजवळून हलेना. बाजाराला गेली नाही. मी डोळे मिटले की माझ्या नाकापुढे हात धरून श्वास बघायची. मला ते कळायचं. मी डोळे मिटूनच ठेवायचो.

पण दिवेलागण झाली की ती अस्वस्थ व्हायची. दारापर्यंत जायची, पत्र्याखालच्या गाडीकडे बघायची, परत यायची. माझ्यासमोर ती करणार नव्हती आणि मी ओटीवरून हलत नव्हतो. असे काही दिवस गेले. ताप उतरायला लागला होता, पण अंगात उभं राहायचं बळ नव्हतं. एका संध्याकाळी मला तिचं ते दारापर्यंत जाणं बघवेना. मी छत्री घेतली.

"अवो, तापात कुठं जाताव?"

"बंदरावर. पाय मोकळे करून येतो."

"डोका फिरला काय?"

"झोपून झोपून पाठ मोडली. आलोच."

एरवी तिने मला हाताला धरून खाटेवर बसवलं असतं. त्या दिवशी एवढंच म्हणाली, "लांब जाऊ नका." त्यावरून मला सगळं कळलं. मी खाकरलो आणि निघालो. बंदरापर्यंत जायची ताकद नव्हती, गडग्याच्या वळणापलीकडे दगडावर छत्री धरून बसलो आणि वाट बघत राहिलो.

कट.

मग थोडा वेळ काही नाही. मग कट-कट-कट. मी बाजाराचा दिवस चुकवला होता आणि बॅटरी संपली होती. ती पुन्हा पुन्हा बटण दाबत होती. ते ऐकवत नव्हतं. मी उठलो आणि घरी आलो.

तिने मला बघितलं, पण लपवायचा प्रयत्न केला नाही. बटणावरचा अंगठासुद्धा काढला नाही.

"तुमीच म्हनत व्हताव ना," ती म्हणाली, "रोज चालू केली की बॅटरी मरत नाय? मी रोज करत व्हते. त्याची गाडी जिती रावावी म्हनून रोज करत व्हते. बॅटरी परत लावल्यापासून एकदा पन मेली नव्हती. तुमी आजारी पडलाव म्हनून हे चार दीस राह्यला, तर मेली." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "माजा काय चुकला, सांगा."

तोच प्रश्न. इतक्या काळाने तिने तो पुन्हा मला विचारला होता. मागच्या वेळी मला उत्तर ठाऊक नव्हतं. या वेळी होतं. मीटर लावून, एकेक वायर चाचपून, स्वतःच्या डोळ्यांनी बघून, पुराव्यासकट ठाऊक होतं.

"तुजा काय नाय चुकला," मी म्हटलं. "बॅटरीच तशी निघाली. तिला वरून चार्ज करायला लागते. तू केलंस ते बरोबर केलंस."

यंत्राविषयी मी आयुष्यात बोललेलं ते पहिलं खोटं. ती मटकन पायरीवर बसली आणि रडायला लागली. तो गेल्यापासून माझ्यासमोर ती रडली नव्हती, आडोशाला जायची. मी शेजारी बसलो. मलाही रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. पत्र्यावर पाऊस वाजत होता, गडग्यावरून जाणाऱ्या कोणाला ऐकू गेलं नसेल. "पैल्या दिवशी नेला असता तरी...?" तिने विचारलं. "तरी," मी म्हटलं. हे खोटं होतं की खरं, ते मला आजही माहीत नाही.

मग मी उठून गाडीपाशी गेलो. गुडघेदुखीमुळे तिला किक मारणं जमत नाही, म्हणून ती सेल्फवर अवलंबून. माझ्या पायात तरी कुठे बळ होतं! दोन-तीन किका फुकट गेल्या. "ऱ्हावदे, पडाल," ती म्हणाली. पुढच्या किकला इंजिन धरलं. दिवा पेटला, शेवगा उजळला. मला धाप लागली म्हणून मी सीटवर टेकलो. गाडी घरात आल्यापासून मी तिच्यावर कधी बसलो नव्हतो.

ती आत गेली, चुलीपाशी काहीतरी खुडखुड करू लागली. मी बसून राहिलो. रेस दिली नाही, नुसता बसलो. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला.

"बंद करा आता. धूर घरात येतो."

"मग तूच कर," मी म्हटलं. ठरवून नाही म्हटलं, तोंडून निघून गेलं, आणि गेल्यावर मी घाबरलो. आतली खुडखुड थांबली.

मग ती बाहेर आली. पदराला हात पुसत आली. चावी फिरवली, आणि माझ्या पाठीत एक धपाटा घातला.